घोटाभर पाण्याची होडी

माझी वहिनी नेल्डा शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं वाढपी होती, आणि त्या सव्वीस वर्षांत तिच्यासमोर ताटात अन्न टाकून उठायची एकाही पोराची हिंमत झाली नाही. ती ओरडायची नाही. नुसती बघायची. मी अकरा वर्षांचा असताना ती लग्न होऊन आमच्या घरात आली, तेव्हापासून त्या बघण्याला मी टरकून आहे. आज माझं वय बासष्ट आहे, आमिषाचं दुकान आहे, गावात थोडंफार वजन आहे, पण ती दुकानात शिरली की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो.

मासे धरण्यात ती आम्हा कावासोस भावांच्या वरचढ होती. हे मी आता लिहितो आहे. तोंडाने कधी कबूल केलेलं नाही. शनिवारी पहाटे नवऱ्याची जुनी विजार, पायात फाटके कॅनव्हासचे बूट आणि कमरेला मासे ओवायची दोरी अशा थाटात ती निघायची. आमच्या लागुना माद्रे या खाडीत मैलोनमैल पाणी गुडघ्यावर जात नाही. होडी लागते ती फक्त तिथवर पोचायला. मासे धरायचे ते खाली उतरून, चालत. आणि चालायचं म्हणजे पाय घासत. पाऊल उचलून टाकलं तर ते वाळूत लपलेल्या पाकटीच्या पाठीवर पडतं, मग ती शेपटीचा काटा मारते आणि माणूस आठवडाभर कण्हतो. त्यामुळे इथलं शेंबडं पोरसुद्धा पाण्यात पाय ओढत चालायलाच शिकतं. वहिनी अशी तासन्‌तास सरकायची. माझा भाऊ अर्काडिओ तिच्या मागे वीस हात अंतर ठेवून यायचा आणि ती जे सोडून देईल ते धरायचा.

मग तिचा खुबा मोडला. पाण्यात नाही, होडीत नाही, तर भाचीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत. नाचून दमली, बसायला गेली, तेवढ्यात कोणीतरी तिची खुर्ची दुसऱ्या पाहुण्यासाठी ओढून नेली. तो कोणीतरी मी नव्हतो. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण निम्म्या गावाची अजून तशी समजूत आहे.

खुब्यात धातूचा सांधा बसला. धरून चालायला चार पायांची ॲल्युमिनियमची चौकट मिळाली. डॉक्टरांनी बजावलं की घरात चाला, अंगणात चाला, पण खाडीत उतरायचं नाही. पाऊल रुतलं आणि उचलताना हिसका बसला तर सांधा निखळेल. वहिनीने ऐकून घेतलं. डॉक्टरांना वाटलं तिला पटलं. तिला ओळखणाऱ्या कोणालाही सांगता आलं असतं की तिने फक्त तोंड बंद केलं होतं.

आठ महिने ती व्हरांड्यात बसून पेकन, म्हणजे इथले अक्रोड, फोडत होती. इतके पेकन आमच्या खानदानाने जन्मात खाल्ले नसतील. पाण्याचं नाव तिने काढलं नाही, वारा कुठला आहे ते विचारलं नाही, आणि ऑक्टोबरात, म्हणजे तांबडे मासे उथळात शेपट्या काढून चरायला लागतात त्या दिवसांत, तिने आपली गळाची काठी चर्चच्या सोडतीला देऊन टाकली.

त्या संध्याकाळी अर्काडिओ दुकानात आला. माझा भाऊ तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाला आहे. तीस वर्षांत त्याने ना कधी वेग वाढवला, ना कधी आवाज. तो कोळंबीच्या टाकीत बघत उभा राहिला.

“लालो,” तो म्हणाला, “तिने काठी देऊन टाकली.”

“दुसरी घेऊ की. माझ्याकडे पंधरा आहेत.”

“काठीचं नाही रे. जी बाई काठी देऊन टाकते, ती आता घरात बसून कशाची वाट बघते आहे?”

मी टाकीवर झाकण ठेवलं आणि दुकान लवकर बंद केलं.

तेव्हा ठरलं की होडी घ्यायची. नेल्डाला खाली न उतरवता, बसल्या जागेवरून, घोटाभर पाण्यात मासे धरता येतील अशी होडी. आमची जुनी होडी गळकी होती आणि तिच्यात चढायचं तर माकडाच्या जातीचंच असावं लागे. नवी होडी कोणी निवडायची, हा प्रश्नच नव्हता. या किनाऱ्यावर उथळ पाण्याच्या होडीतलं माझ्याइतकं कोणाला कळत नाही. असं मी तीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो आहे.

आणि गिऱ्हाइकं तरी काय दर्जाची. शुक्रवारी शहरातून येतात. होडीला चकाकता रंग, पेले ठेवायला सोळा भोकं, गाणी लावायला चार भोंगे, आणि इंजिन असं की त्याच्यावर कापसाची अख्खी गिरणी चालावी. धक्क्यावर होडी पाण्यात सोडताना नवरा-बायकोचं भांडण होतं, ते आम्ही कॉफी घेऊन बघत बसतो. मग हे महाशय सुसाट निघतात आणि पहिल्याच वाळूच्या पट्ट्यावर चढून बसतात. होडी त्यांनी निवडलेली असते ती गाडीमागे लावल्यावर कशी दिसेल ते बघून. पाण्याचा विचार त्यात आलाच तर शेवटी.

पहिल्या शनिवारी आम्ही होड्यांच्या विक्रीच्या मोठ्या आवारात गेलो. नेल्डाला सांगितलं की अर्काडिओच्या गाडीचं टायर बघायला चाललो आहोत. अर्काडिओने मोजपट्टी घेतली होती, आणि एक वही. ब्रेंट नावाचा विक्रेता पुढे आला. दात पांढरेशुभ्र, बूट त्याहून पांढरे. होड्या विकणाऱ्या माणसाचे बूट पांढरे असले की त्याने खाडी कधी पाहिलेली नाही असं बेलाशक समजावं. त्याने पहिल्याच होडीच्या कठड्यावर थाप मारली आणि सांगितलं की ही सहा इंच पाण्यात चालते.

मी विचारलं, इंजिन धरून? त्याने हातातला रंगीत कागद पाहिला. इंजिन वेगळं होतं. पेट्रोल? ते गिऱ्हाईक भरणार, तेव्हा तेही वेगळं. बर्फाची पेटी, आमिषाची टाकी, नांगर? कागदावर नव्हतं. माणसं? त्यावर तो हसला आणि म्हणाला की ते माणसांवर अवलंबून आहे.

“म्हणजे आत कोणी नसेल तर सहा इंच,” मी म्हणालो. “छान. आमची वहिनी काठावर उभी राहून हात हलवेल, आणि होडी एकटीच जाऊन मासे धरून आणेल.”

अर्काडिओने माझी बाही ओढली. पण मला चेव आला होता. त्या आवारात मी एकवीस होड्या बघितल्या आणि एकवीस होड्यांची लाज काढली. हिचा तळ फुगीर, हिचं पुढचं टोक उंच, वाऱ्यासमोर शीड उभारल्यासारखं. हिच्यात तर चक्क शौचकूप, तो तेवढा काढला असता तर बरं झालं असतं. अर्काडिओ प्रत्येकीची लांबी-रुंदी मोजून वहीत लिहीत होता. मी त्याला सांगितलं की लिहू नको, शाई वाया जाते. ब्रेंट शेवटी पाणी प्यायला म्हणून गेला तो परत आला नाही.

इंचाचं आम्ही काही मानत नाही. आमच्याकडे पाणी माणसाच्या पायाने मोजतात: घोटा, नडगी, गुडघा. होडीलाही तीच मापं. अमक्याची होडी नडगीची आहे, तमक्याची गुडघ्याची, म्हणजे तो कामातूनच गेला. घोट्याची होडी असलेला माणूस धक्क्यावर जरा ताठ चालतो. आणि हे माप कागदावर ठरत नाही. होडी उथळात घालायची, ती टेकली की उतरायचं, आणि ती तरंगली की पाणी पायाला कुठे लागतं ते बघायचं. माझ्या आजोबांनी असंच बघितलं, वडिलांनी असंच बघितलं. पांढऱ्या बुटांच्या माणसाला हे कुठून कळणार.

तीन आठवड्यांनी मला हवी ती होडी सापडली. एका निवृत्त दंतवैद्याने विकायला काढली होती. तळ सपाट, पाटासारखा. कठडे चांगले मांडीइतके उंच, म्हणजे वहिनी कलंडायची भीती नाही. आणि मधोमध लोखंडी खांबावर बसवलेली, गिरकी घेणारी, हात टेकायला गाद्या असलेली खुर्ची. दंतवैद्याला सवय असावी. मी त्या खुर्चीत बसलो, चारी दिशांना फिरलो, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. अर्काडिओ आणि मी ती उथळात घेऊन गेलो. टेकली. आम्ही दोघं दोन बाजूंनी उतरलो. ती हलकेच उचलली गेली आणि डोलायला लागली. पाणी माझ्या घोट्याच्या हाडाला लागत होतं, त्याच्यावर एक केसभरसुद्धा नाही.

“घोट्याची,” मी म्हणालो.

अर्काडिओने वही काढून तसं लिहिलं, आणि खाली रेघ मारली. त्याचे डोळे ओले झाले होते. मी दुसरीकडे बघितलं.

होडी अंगणात आणून उभी केली तेव्हा नेल्डा व्हरांड्यात होती. पेकनची परात मांडीवर. अर्काडिओने सगळं सांगितलं, तीस वर्षांत बोलला नसेल इतकं बोलला. मग मी खुर्ची फिरवून दाखवली. कठडे थोपटून दाखवले. तिने चौकट धरून होडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि मग एकच प्रश्न विचारला.

“हिच्यातून उतरायचं कसं?”

“वहिनी, उतरायचंच नाही,” मी म्हणालो. “त्यासाठीच तर ही घेतली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा हात बटणाकडे गेला. मग ती जाऊन परत पेकन फोडायला लागली. आम्हाला वाटलं तिला आनंद झाला आहे आणि तिला तो दाखवता येत नाही. बायकांच्या मनातलं ओळखण्यात आम्ही भाऊ असे पटाईत आहोत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, प्रार्थना आटपून आणि कढईभर बार्बाकोआचं मांस खाऊन, आम्ही तिघं निघालो. माझी खरं तर गरज नव्हती. पण निवड माझी होती आणि कौतुक ऐकायला मी हजर असायला हवा होतो. वहिनीला दोघांनी उचलून कठड्यावरून आत घेतलं, खुर्चीत बसवलं, पायावर चादर घातली. नवी काठी हातात दिली.

आम्ही ‘तीन खुंट’ नावाच्या जागी गेलो. एका जुन्या धक्क्याचे तीन खांब तिथे उरले आहेत, आणि त्यांच्या पलीकडे तिचं आवडतं उथळ. वारा पडलेला होता, पाणी आरशागत. दूरवर तांबड्या माशांच्या शेपट्या पाण्याबाहेर हलत होत्या. इंजिन बंद करून अर्काडिओने लांब काठीने होडी रेटली. पण खुर्ची कुरकुरायची. तळाखाली शिंपले खरखरायचे. ती उंच सिंहासनावर बसलेली, माशांना मैलभरावरून दिसत असणार. प्रत्येक वेळी ती गळ फेकायच्या टप्प्यात यायची आणि शेपट्या गायब व्हायच्या. असं चार-पाच वेळा झालं. एरवी पाण्यात उभी असताना मासे तिच्या पायांवरून जायचे.

“आवाज फार होतोय,” अर्काडिओ म्हणाला.

“खुर्चीला तेल घालू,” मी म्हणालो.

एवढ्यात उत्तरेचा वारा आला. तो कसा येतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे: आधी मानेवर गार बोट टेकल्यासारखं होतं, आणि पाच मिनिटांत टोपी उडते. तो रात्री येणार होता, दुपारीच आला. आमच्या खाडीत भरती-ओहोटी नावालाच. पाणी हलवतो तो वारा. उत्तरेचं वारं लागलं की उथळावरचं पाणी ताटातली आमटी कलती करावी तसं सरकून जातं, आणि वारा फिरेपर्यंत परत येत नाही. कधी एक दिवस, कधी तीन. मी म्हटलं चला, निघू. अर्काडिओने इंजिनला हात घालायच्या आत होडी टेकली.

आम्ही दोघं उतरलो. कोणी कोणाला सांगितलं नाही. टेकली की उतरायचं, हे आमच्या हाडात आहे. उतरून होडी उचलली जायची वाट बघत उभे राहिलो. ती उचलली गेली नाही.

मी पाण्याकडे बघितलं. पाणी घोट्यावर चांगलं चार बोटं होतं. मी होडीला खांदा लावला. अर्काडिओने लावला. आमिषाची टाकी रिकामी केली, बर्फ ओतून दिला, नांगर बाहेर काढून वाळूत टाकला. पुन्हा खांदा लावला. इंचभर सरकली आणि बसली.

“काय झालं?” वहिनीने वरून विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “ही घोट्याची आहे. निघेल.”

“घोट्याची कधी?”

“म्हणजे?”

“तुम्ही मोजलीत तेव्हा आत कोण होतं?”

वारा कानात भरत होता, तरी मला ते स्वच्छ ऐकू आलं. आत कोणी नव्हतं. टेकली, आम्ही दोघं उतरलो, आणि रिकामी होडी तरंगली. माझ्या आजोबांपासून या किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीचं माप असंच घेतलं गेलं आहे, कारण टेकल्यावर होडीत बसून राहणारा माणूस इथे कधी जन्मालाच आला नव्हता. त्या पांढऱ्या बुटांच्या ब्रेंटची मी भर आवारात लाज काढली होती. त्याने निदान कागद वाचला होता. मी तर न उतरू शकणाऱ्या बाईसाठी उतरून होडी मोजली होती, आणि वर दोन आठवडे टेंभा मिरवला होता.

अर्काडिओचे ओठ निळे पडले होते. तो म्हणाला की फोन लावू, कोणालातरी बोलावू. मी म्हटलं येणारी होडीसुद्धा या पाण्यात शिरणार नाही, आणि हे खरं होतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की उद्या सकाळी धक्क्यावर सगळे कॉफी घेऊन बसतील आणि माझी गोष्ट सांगतील. भावजय थंडीने कुडकुडते आहे आणि मला माझ्या नावाची पडली आहे. त्या क्षणी मला माझी किळस आली. वहिनीने चादर खांद्यावर ओढली होती, तिच्या हाताची कातडी सोललेल्या कोंबडीसारखी दिसत होती, आणि पाणी आणखी बोटभर उतरलं होतं.

“मला खाली घ्या,” ती म्हणाली.

“नाही,” अर्काडिओ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला नाही म्हणाला असेल. “डॉक्टरांनी काय सांगितलंय? पाऊल रुतलं तर? सांधा निखळला तर मी इथून तुला नेऊ कसा?”

“पाऊल उचललं तर, असं म्हणालाय तो. त्या शहाण्याला कोणी सांगितलं मी खाडीत पाऊल उचलते म्हणून?”

अर्काडिओने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या पायांकडे.

“पन्नास वर्षं मी इथे पाऊल उचललेलं नाही,” ती म्हणाली. “घ्या खाली.”

तिला त्या मांडीइतक्या कठड्यावरून काढणं हा प्रकार मी सविस्तर लिहिणार नाही. मी भक्कम म्हणून निवडलेला कठडा. एकदा ती अर्ध्यावर अडकली, एक पाय आत, एक बाहेर, आणि तिच्या तोंडून वेदनेने जो आवाज आला तो माझ्या कानांतून जायचा नाही. शेवटी अर्काडिओ वाळूत ओणवा झाला आणि ती त्याच्या पाठीवरून घसरत उतरली. घोटे बुडतील एवढ्या गार पाण्यात तिचे पाय टेकले. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला, डोळे मिटले. मला वाटलं चक्कर येते आहे.

“वहिनी?”

“गप्प बस जरा,” ती म्हणाली. “किती दिवसांनी.”

होडी तिच्या हाताखाली उचलली गेली. जेमतेम, पण गेली.

मग आम्ही निघालो. अर्काडिओ पुढून दोरीने ओढत होता, मी मागून रेटत होतो, आणि वहिनी मध्ये होडीचा कठडा धरून पाय घासत चालत होती. घरी ती चौकट धरून चालते तशीच, फक्त इथली चौकट सोळा फूट लांब होती आणि पाण्यावर स्वतःच सरकत होती. तळाची वाळू घट्ट होती. ती डावा पाय ओढायची, थांबायची, उजवा ओढायची. खोल पाण्याची वाट अर्धा मैलावर असेल. आम्हाला दीड तास लागला. कठडा तिला उंच पडत होता, कोपर वाकवून धरावा लागत होता, आणि त्याबद्दल ती मला वाटभर सुनावत होती. सुनावताना तिच्या आवाजात असा जोर होता की आठ महिन्यांत तो मी ऐकलाच नव्हता. अर्काडिओने एकदा मागे वळून पाहिलं आणि तो रडत होता, उघड, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

“आठ महिने सगळे मला बसवताय,” ती त्याला म्हणाली. “व्हरांड्यात बसवलंत, गाडीत बसवलंत, आता होडीत पण बसवलंत. मासे धरायचे नव्हते रे मला. असं उभं राहायचं होतं. कोणी विचारलंत?”

कोणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

डॉक्टर दोन दिवसांनी भरपूर चिडले. मग तिने त्यांच्या खोलीत, फरशीवर, पाय कसे ओढते ते चालून दाखवलं. त्यांनी दोनदा चालायला लावलं आणि शेवटी म्हणाले की तळ घट्ट असेल आणि धरायला काही पक्कं असेल तर त्यांची हरकत नाही. दंतवैद्याची होडी शहरातल्या एका गृहस्थाला विकून टाकली. त्याला खुर्ची फार आवडली.

नवी होडी बघायला नेल्डा स्वतः आली. त्याच आवारात. अर्काडिओने मोजपट्टी घरी ठेवली होती. मला तिने बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही, आणि मी ते पाळलं, हे त्या दिवसाचं माझं एकमेव कर्तृत्व. ब्रेंटने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पण तो तिच्याकडे वळून इंच सांगायला लागला. तिने हात वर केला. पाण्याचं ती बघेल म्हणाली. कठडा तिच्या हाताला कुठे येतो, आणि बसल्या जागेवरून खाली पाय टेकतो का, एवढं तिला बघायचं होतं.

मग ती एकेका होडीच्या कठड्यावर बसली, दोन्ही पाय एकदम आत फिरवले, पुन्हा बाहेर फिरवले, आणि उतरली. अर्काडिओ दोन्ही हात पुढे करून बाजूला उभा होता आणि ती एकदाही त्याचा हात धरत नव्हती. काहींवर तिला चढताच आलं नाही. ती पुढे गेली. दोन वेळा कळ आली तेव्हा डोळे मिटून थांबली आणि पुन्हा सुरू केलं. दुपारचं ऊन डोक्यावर आलं. आवारातले बाकीचे विक्रेते काम सोडून बघायला जमले होते.

सगळ्यात मागे, कुंपणाला लागून, बदकांच्या शिकाऱ्यांसाठीची एक पत्र्याची होडी पालथी पडलेली होती. शेवाळी रंग, दोन ठिकाणी पोचे, आत ना बाक ना पेट्या. तिने ती उलथवायला सांगितली. तिच्या कठड्यावर ती बसली, पाय आत, पाय बाहेर, आणि टाच जमिनीला टेकली. उभी राहिली तेव्हा कठड्याला तिचा तळहात सरळ, कोपर न वाकवता टेकत होता. ती तशीच होडी धरून तिच्या बाजूने शेवटपर्यंत पाय घासत गेली. आवारातल्या सिमेंटवर बुटांचा आवाज होत होता.

ब्रेंट अस्वस्थ झाला. तो चांगला मुलगा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने खाली आवाजात, अगदी मनापासून सांगितलं, “मॅडम, ही तुम्हाला नको. हिच्यात बसायला जागाच नाही.”

“बसायला घरी आठ खुर्च्या आहेत,” नेल्डा म्हणाली. “ही बांध गाडीमागे.”